मास्तरीणबाईंनी उसवलेला कॉम्प्युटर

दुकानात तयार मिळणारे कपडे दोन्ही हात सारखे असलेल्या माणसांसाठी शिवलेले असतात. माझे हात सारखे नाहीत. उजवा कोपराखाली बारीक आहे आणि त्या बाजूचा खांदा खाली उतरलेला आहे. बरीच वर्षं मी एक बाही दुमडून आणि खांद्यावर पीन टोचून काढली. सभा आणि मोर्चे हे माझं कामच, पण बोलायला उभी राहिले की लोक आधी पीन बघायचे, मग मुद्दा ऐकायचे. मास्तरीणबाई भेटल्यावर ते बंद झालं.

शिवणकाम करणाऱ्या पुरुषाला सगळे मास्तर म्हणतात, म्हणून या मास्तरीण. नवीन माणूस हमखास विचारतो, कुठल्या शाळेवर होतात? त्या शांतपणे सांगतात, "कॉलरच्या." कारण तयार कपड्यांच्या कारखान्यात त्यांनी उमेदीची सगळी वर्षं फक्त कॉलरी शिवल्या. शर्टाचं बाकीचं अंग कसं दिसतं हे त्यांना सणासुदीला नवऱ्याच्या अंगावरच बघायला मिळायचं, असं त्या म्हणतात. नवरा मालवाहू जहाजावर कामाला, म्हणजे तेही क्वचितच.

कारखान्यात त्यांच्या शेजारच्या मशीनवर पाठीला बाक असलेली एक बाई होती. दिवसभर परदेशी जाणारी जाकिटं शिवायची आणि स्वतः मात्र शाल गुंडाळून घरी जायची, कारण तिच्या पाठीला बसेल असं जाकीट जगात कुणी बेतलंच नव्हतं. मास्तरीणबाईंनी जेवणाच्या सुट्टीत तुकडे जोडून तिच्यासाठी एक शिवलं. पहिल्या खेपेला बिघडलं, दुसऱ्या खेपेलाही बिघडलं. तिसरं घालून ती बाई कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली आणि महिन्याभरात मास्तरीणबाईंच्या दारात माणसं यायला लागली. कुणाचा एक पाय आखूड, कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणाची छाती ऑपरेशनने एका बाजूची गेलेली. मास्तरीणबाईंनी नोकरी सोडली आणि घराच्या पुढच्या खोलीत मशीन टाकलं.

अशा माणसांचं नुसतं माप घेऊन भागत नाही. प्रत्येकाचा वेगळा फर्मा लागतो, म्हणजे ज्यावरून कापड कापायचं तो नमुना. दर ट्रायलला तो थोडा बदलतो आणि वर्षानुवर्षं बदलत त्या माणसाच्या अंगाचा होतो. सुरुवातीला हे फर्मे कागदाचे होते आणि भिंतीवर खिळ्यांना लटकायचे. ओल आली, बुरशीने निम्मे खाल्ले. तेव्हा बाईंनी जुना कॉम्प्युटर घेतला आणि फर्मे आखायचा प्रोग्राम स्वतःचा स्वतः शिकल्या. माऊस त्या कात्रीसारखा धरायच्या. शिकवायला कुणी नव्हतं, त्यामुळे चुकलं तरी हसायलाही कुणी नव्हतं.

फर्म्याबरोबर फोटो असायचे. समोरून, बाजूने, पाठीमागून, अंगावर अगदी कमी कपडे. पण मानेच्या वरचं काही घ्यायचं नाही. "मान मीच कापते," त्या म्हणायच्या, "कुणाच्या हाती लागलं तरी कोण आहे ते कळायला नको." फाइलींवर नावंही नव्हती. प्रत्येकाला त्यांनी ठेवलेलं टोपणनाव, ते फक्त त्यांना माहीत. त्या खोलीत आम्ही जे अंग दाखवलं ते सख्ख्या बहिणीलाही दाखवलेलं नाही. ते या दोन नियमांच्या भरवशावर.

त्या दिवशी मी ट्रायलला उभी होते. अंगावर कोटाची कच्ची शिवलेली बाही आणि बाहीभर टाचण्या. मास्तरीणबाईंनी फर्मा बघायला कॉम्प्युटर सुरू केला तोच तो भोंग्यासारखा वाजायला लागला. सगळा पडदा लाल. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये धोकादायक व्हायरस आहे, बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा.

त्यांचा दीर आतून धावत आला. हा लिफ्ट दुरुस्त करतो आणि यंत्राला घाबरायचं नसतं असं त्याचं ठाम मत आहे.

"वहिनी, काही नाही. हे येतं कधीकधी."

"कधीकधी म्हणजे?" बाईंच्या ओठांत टाचण्या होत्या. त्या एकेक करून काढून त्यांनी मनगटावरच्या गादीत खोचल्या. ओळखणाऱ्याला कळतं, टाचण्या तोंडातून बाहेर आल्या की कुणाची तरी खैर नाही.

हळूहळू सगळं बाहेर आलं. कॉम्प्युटर मंद चालतो म्हणून दिराने जाहिरात बघून एक फुकटचा 'क्लीनर' उतरवून घेतला होता. तो रोज नवे रोग शोधून दाखवायचा आणि बरे करायचे पैसे मागायचा. पैसे दिले नाहीत तेव्हा ही लाल खिडकी यायला लागली. मग दिराने तिच्यावरच्या नंबरला फोन केला.

"फार सभ्य माणूस होता, वहिनी. म्हणाला, तुम्ही कशालाही हात लावू नका, मी इथूनच बघतो. त्याने सांगितलेली एक गोष्ट मी उतरवून घेतली, आणि मग बाण आपोआप फिरायला लागला."

"परका माणूस माझ्या कॉम्प्युटरमध्ये फिरत होता. तुम्ही काय करत होतात?"

"बघत होतो."

"लिफ्टच्या खोलीत कुणी उपटसुंभ शिरून वायरी ओढायला लागला तर असेच बघत बसता?"

दिराने पुढे होऊन भोंग्याचा आवाज तेवढा बारीक केला.

"त्याने काय काय उघडलं, भाऊजी?"

"असंच इकडेतिकडे. फोटोंचं फोल्डर उघडलं होतं एकदा. म्हणाला, तपासतोय."

त्या फोल्डरमध्ये मी होते. माझ्यासारखे कितीतरी होते. मी तोंड उघडलं आणि त्या सभ्य माणसाला, दिराला आणि कॉम्प्युटर शोधून काढणाऱ्याला एकाच दमात झोडपून काढलं. मास्तरीणबाई टेबलाखाली वाकून इंटरनेटची केबल उपटत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "ताई, चिडा, पण हलू नका. टाचण्या टोचतील."

केबल हातात घेऊन उठल्या आणि दिराला बजावलं, "मी सांगेपर्यंत ही परत लावायची नाही. आधी दार बंद. मग आत कोण आहे ते बघू."

गल्लीच्या तोंडाशी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बाही उतरवून आम्ही दोघी कॉम्प्युटर पिशवीत घालून तिथे गेलो. दुरुस्तीवाल्याने सगळं ऐकून घेतलं आणि स्क्रू काढायचा पेचकस कानामागे खोचला. "सगळं पुसून कोरा करून देतो. संध्याकाळी न्या."

"आणि माझे फर्मे?"

"दुसरीकडे काढून ठेवलेत?"

"नाही."

"मग गेले."

मास्तरीणबाईंनी कॉम्प्युटर पुन्हा पिशवीत घातला.

"अहो बाई, परका माणूस आत येऊन गेलाय. पुसल्याशिवाय खात्री देता येत नाही. मी माझ्या फायद्याचं बोलत नाहीये."

"पुसू नका असं मी म्हटलं का? माझं सामान आधी बाहेर काढते, मग घर पाडा."

"सामानालाच कीड लागली असेल तर?"

"म्हणून आधी कीड काढते, मग सामान."

"घरी? तुम्ही?"

"शिवण उसवता येते का विचारताय मला?"

तो हसला, पण चेष्टेने नाही. स्टूल पुढे ओढून त्याने नीट समजावलं. इंटरनेट जोडायचं नाही. कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये सुरू करायचा, म्हणजे अगदी गरजेपुरत्याच गोष्टी जाग्या होतात आणि चोराला सहसा जागं होता येत नाही. तपासणीचा प्रोग्राम त्याने आपल्या कॉम्प्युटरवरून एका पेनड्राइव्हवर घालून दिला. निघताना म्हणाला, "अडलं तर फोन करा. माझ्या पाटीवरचा नंबर. लाल खिडकीवरचा नको."

मीही त्यांच्याबरोबर घरी गेले. मदतीला नव्हे. माझे फोटो होते, आणि डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी विश्वास ठेवत नाही.

सुरुवातीलाच एक गंमत निघाली. त्या कॉम्प्युटरवर दिराच्या क्लीनरशिवाय आणखी दोन अँटीव्हायरस होते, आणि ते दोन्ही बाईंनी स्वतः घातलेले. कॉलर ताठ राहावी म्हणून आत बकरम घालतात, आणि एका थराने भागलं नाही तर दोन थर घालतात. त्यांनी हाच हिशेब इथे लावला होता. दुरुस्तीवाला फोनवर खो खो हसला. "बाई, एका दारात दोन पहारेकरी उभे केलेत तर ते एकमेकांनाच चोर समजतात. दिवसभर एकमेकांचे खिसे चाचपत बसतात. कॉम्प्युटर मंद होणार नाही तर काय?"

त्यातला एक पहारेकरी तर कुणीतरी कुलूप तोडून फुकट दिलेली प्रत होती. दुसरा खरा होता. क्लीनर आला तेव्हा त्याने ओरडा केला होता.

"मग तो क्लीनर आत शिरला कसा?" मी विचारलं.

दिराने जमिनीकडे बघितलं. "हा फार ओरडत होता. म्हणून मी याला बंद केलं."

मास्तरीणबाईंनी कपाळावर हात मारला नाही. दोन्ही बाह्या वर सारल्या आणि बसल्या.

चुकलेली शिवण ओढून फाडायची नसते. ओढली तर कापड जातं. एकेक टाका कापायचा, दोरा उपसायचा, कापड झटकायचं, मग पुढचा. बाईंनी कॉम्प्युटरमधल्या सगळ्या प्रोग्रामांची यादी उघडली आणि ती तारखेप्रमाणे लावली. दिराचा क्लीनर ज्या दिवशी आला त्या दिवसापासून पुढे जे जे आलं ते सगळं संशयित. क्लीनर होता, बाहेरून बाण फिरवायला वापरलेला प्रोग्राम होता, आणि ब्राउझरमध्ये कुणी न बोलावता येऊन बसलेली शोधाची एक पट्टी होती. त्यांनी एकेक काढायला सुरुवात केली. एक काढला की बंद करायचं, पुन्हा सुरू करायचं, बघायचं.

क्लीनर काढताना त्याने खिडकी दाखवली. तिच्यात एक रडका चेहरा होता आणि खाली लिहिलं होतं, मला काढलंत तर तुमचा कॉम्प्युटर असुरक्षित होईल, नक्की काढू का?

"रडतोय बघा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आयतं खाऊन खाऊन सोकावलाय. चल, ऊठ."

गेला. पुन्हा सुरू केलं तर परत हजर.

मी म्हटलं, "सरळ फोडून टाका तो डबा."

"कुठेतरी टाका राहिलाय," त्या म्हणाल्या. कॉम्प्युटर उठताना आपोआप काय काय जागं होतं त्याची वेगळी यादी असते. ती उघडून त्या एकेक नाव वाचत बसल्या. जे नाव कळेना ते फोनवरून दुरुस्तीवाल्याला विचारायच्या. शेवटी एक सापडलं. अक्षरांना ना शेंडा ना बुडखा, जणू कुणी डोळे मिटून टाइप केलंय. दुरुस्तीवाला म्हणाला, "तोच. आधी बंद करा, मग क्लीनर काढा, मग याला." या क्रमाने काढलं. यावेळी परत आला नाही.

मग आपले दोन पहारेकरीही त्यांनी काढून टाकले आणि पेनड्राइव्हवरचा प्रोग्राम तपासणीला सोडला. तो कित्येक तास आतला कोपरान् कोपरा चाळत राहिला आणि बाई शेजारी बसून हाताने कोटाची किनार घालत राहिल्या. उतरवून घेतलेल्या फाइलींच्या फोल्डरमध्ये अजून काही घाण निघाली. ती काढली. पुन्हा तपासलं. काही नाही. पण बाईंनी मान हलवली. "कापड स्वच्छ दिसतंय. पण धुतल्याशिवाय नाही मानायची मी. आता सामान काढू, मग तो पुसेल."

नवी हार्डडिस्क जोडली. फर्मे आणि फोटो तेवढे घ्यायचे, चालू होणारं काहीही घ्यायचं नाही. प्रत्येक फाइल खराब झालेली नाही ना, हे त्या उघडून बघत होत्या. मी शेजारी स्टुलावर बसले होते. एका फाइलीवर लिहिलं होतं, ठिणगी.

"ही कोण?"

"तुम्ही."

"ठिणगी?"

"मग काय, लोकर ठेवायचं होतं?"

समोरचा फोटो उघडला. मानेपासून खाली. बाजूचा, तसाच. पाठीमागचा फोटो उघडला आणि मास्तरीणबाईंचा हात माऊसवर तसाच राहिला.

त्यांच्या ट्रायलच्या कोपऱ्यात तीन पाखांचा, दोन्ही बाजू दारासारख्या मिटता येणारा आरसा आहे. गिऱ्हाईक आरशाकडे तोंड करून उभं राहतं आणि पाठीचा फोटो बाई मागून काढतात. मान कापलेली होती, नियमाप्रमाणे. पण माझ्या पाठीशेजारी आरशाचं एक पाख फोटोत आलं होतं आणि त्या पाखात मी होते. लांबची, म्हणून लहान, पण पुरती. उघडा खांदा, बारीक हात, आणि वर माझा चेहरा.

त्यांनी दुसरी फाइल उघडली. आरशात चेहरा. तिसरी. चेहरा. इतक्या वर्षांचे पाठीचे सगळे फोटो, आणि प्रत्येकात कुणी ना कुणी आरशातून बघतंय.

"मी कधी बघितलंच नाही," त्या म्हणाल्या. "मी पाठ बघते. खांदा कुठे उतरतो, शिवण कुठे ओढते, तेवढंच. आरशाकडे लक्षच गेलं नाही."

मी काय बोलले ते सगळं लिहीत नाही. मी म्हटलं की तुमच्या नियमावर विश्वास ठेवून मी कपडे उतरवले आणि तुमचा नियम अर्धाच होता. माझ्याविरुद्ध बोलणारे पुष्कळ आहेत, आणि हा फोटो त्यांच्यातल्या कुणाच्या हातात पडला तर काय होईल ते मला माहीत आहे, तुम्हाला नाही.  माझं संपल्यावर फक्त म्हणाल्या, "बरोबर आहे."

दीर दारात उभा होता. "वहिनी, तो माणूस पैशासाठी आला होता. फोटो नेले की नाही हेही माहीत नाही. तुम्ही स्वतःहून कशाला सांगताय? सगळी गिऱ्हाइकं जातील."

"जातील."

"मग?"

"मग जातील, भाऊजी. माझ्या हातून काय झालं ते त्यांना माझ्याकडून कळलं पाहिजे. बाहेरून कळलं तर त्यांनी जायचं कुठे?" फोन उचलून त्या खिडकीशी जाऊन बसल्या. "आणि तुम्ही इथेच थांबा. कुणी विचारलं की आत कुणी घेतलं, तर मी तुमच्याकडे फोन देणार आहे."

एकेक करून सगळ्यांना फोन गेले. वाक्य तेच, गुळमुळीत न करता. परक्या माणसाने माझा कॉम्प्युटर उघडला होता, तुमचे फोटो त्याने नेलेले असू शकतात, आणि पाठीच्या फोटोत आरशामुळे तुमचा चेहरा आहे, ती चूक माझी. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "माझा फोटो नेला असेल तर तोच घाबरून परत आणून देईल." एकीने दिराला फोनवर बोलावून घेतलं आणि बराच वेळ त्याचा कान भाजून काढला. एकीने सगळं ऐकलं आणि काही न बोलता फोन ठेवला. तिची फाइल 'चिमणी' नावाची होती.

एक गिऱ्हाईक वकीलबाई होत्या, फाइलीवरचं नाव घड्याळ, कारण ट्रायलला उभं राहूनही त्यांचं लक्ष मनगटाकडे. त्या म्हणाल्या, "काहीही पुसू नका. आधी तक्रार नोंदवू. मी निघाले."

पोलीस चौकीत तक्रार घेणाऱ्या साहेबांनी पेन उचललं आणि विचारलं, "चोरीला काय गेलं?"

"माहीत नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"मग तक्रार कशाची?"

"परका माणूस घरात शिरला आणि त्याने काय नेलं हे मला सांगता येत नाही, याचीच."

"बाई, असं कसं लिहून घेणार?"

आता बोलायची पाळी माझी होती, आणि सरकारी टेबलासमोर मला बरं बोलता येतं. वकीलबाईंनी मनगट वर करून त्यांना वेळ दाखवली. साहेबांनी लिहून घेतलं. लाल खिडकीवरचा नंबर, बाण फिरवणारा प्रोग्राम, दिराचा जबाब, सगळं. त्याचं पुढे काय होईल ते मी इथे सांगू शकत नाही, पण साहेबांचा पिच्छा मी सोडलेला नाही.

वकीलबाईंनी पुराव्यापुरती नक्कल घेतली आणि मग दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटर पुसला. कोरा झालेला बघून बाईंना बरं वाटलं. त्यांनी आपले सगळे पासवर्ड फोनवरून बदलले होते.

आता पहारेकरी निवडायचा होता. दुकानाच्या फळीवर रंगीत खोकी मांडलेली होती. मास्तरीणबाई कापड घेताना आधी उलटी बाजू बघतात, तशीच त्यांनी इथेही बघितली. बनवतो कोण? विकणाऱ्याशिवाय आणखी कुणी तपासलंय का, आणि ते कुठे वाचायला मिळेल? आपोआप ताजा होतो की दरवेळी मी सांगायचं? माझ्या कॉम्प्युटरमधलं काय काय स्वतःकडे पाठवतो? आणि नको झाला तर जातो का, की रडतो?

दुरुस्तीवाला कंटाळला नाही. म्हणाला, "खरं सांगू? खोकं विकलं तर मला दोन पैसे मिळतील. पण तुमच्या कॉम्प्युटरमध्ये मुळातच एक पहारेकरी येतो. कॉम्प्युटरबरोबर तोही ताजा ठेवलात, आणि मुख्य म्हणजे तो ओरडला की त्याला गप्प केलं नाहीत, तर घरच्या कामाला पुरतो. तपासणाऱ्यांनी काय लिहिलंय ते तुम्हीच वाचून बघा."

त्यांनी वाचलं. समजलं नाही ते परत येऊन विचारलं. शेवटी एकच ठेवला. नवी हार्डडिस्क काम झालं की काढून कात्र्यांच्या कपाटात जाते, कुलपात. दिरासाठी कॉम्प्युटरवर वेगळं खातं केलं. त्यातून गाणी ऐकता येतात, पण नवीन काही घालता येत नाही.

"वहिनी, हे जरा जास्त होतंय."

"लिफ्टच्या मशीनच्या खोलीला कुलूप असतं ना?"

"असतं."

"कुणासाठी?"

तो थोडे दिवस रुसला. मग एकदा त्याच्या खात्यात कसलीशी खिडकी आली, तेव्हा खुर्चीवरून न उठता त्याने नुसती हाक मारली, "वहिनी, जरा इकडे येता का? मी कशाला हात लावलेला नाही."

बाहीची ट्रायल राहिली होती, म्हणून मी परत गेले. जायचं की नाही यावर आठवडाभर स्वतःशी भांडले आणि मग गेले, कारण आपली चूक त्यांनी स्वतःहून फोन करून सगळ्यांना सांगितली होती. आरशाची दोन्ही पाखं मिटलेली आणि मधल्यावर चादर टाकलेली.

"फोटो?" मी विचारलं.

"तुमच्या फोनमध्ये काढते. तुमच्याकडेच राहील. पुढच्या वेळी येताना आणा, नाहीतर आज माझं बघून झाल्यावर पुसून टाका, तुमच्या हाताने. माझ्याकडे फक्त फर्मा."

फोटो काढला. दोघींनी तो मोठा करून कोपऱ्या-कोपऱ्यात बघितला. पाठ, खांदा, चादर. आणखी कुणी नाही.

खुंटीवर एक शिवून तयार झालेला राखाडी कोट होता. त्या दिवशी फाइलीत बघितलेल्या पाठीवरून मी ओळखला, असा एका बाजूने झुकलेला दुसरा कुणाचा नसतो.

"चिमणी आली होती?"

"नाही. फोनही उचलत नाही."

"ट्रायलशिवाय शिवलात?"

"मागच्या फर्म्यावर शिवला. आत माया जास्त सोडलीय." शिवणीच्या आतल्या जादा कापडाला शिवणारे माया म्हणतात. "अंग बदललं असेल तर सैल करता येईल."

"आणि आलीच नाही तर?"

"तिचं कापड आहे, तिचा कोट आहे. तो इथे राहील." त्यांनी टाचण्या ओठांत धरल्या आणि माझ्या खांद्याला बोटाने हलकेच टोचलं. "ताठ नका उभ्या राहू, ताई. नेहमी उभ्या राहता तशा राहा."